लांबडं, वाघ आणि पिल्लू : वन्यजीव हेल्पलाइनवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्याच पाळीत पहिलाच फोन आला तो मखमलाबादकडून. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, घरात जनावर निघालंय.” मी विचारलं, “कोणतं? गाय की कुत्रा?” पलीकडे क्षणभर शांतता. मग अडाणी पोरीला समजवावं तशा सुरात त्या म्हणाल्या, “अगं बाई, लांबडं. रात्रीचं नाव घेत नाहीत त्याचं.”

शेजारी बसलेल्या दादांनी हसू दाबत वहीत लिहिलं: साप.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. दर पावसाळ्याच्या तोंडावर नवी मंडळी येतात, त्यांना शेजारी बसवून जे सांगते तेच इथे लिहून काढलंय. डोळ्यांसमोर नाशिक शहर आणि आजूबाजूचे तालुके आहेत. दुसऱ्या जिल्ह्यात पत्ते आणि प्राणी बदलतील, बाकीचं बहुतेक चालून जाईल.

यायच्या आधी

येणाऱ्यांपैकी निम्म्यांना साप पकडायला शिकायचं असतं. तुम्ही त्यातले असाल तर आधीच सांगते, इथे चार तास खुर्चीत बसून फोन घ्यायचा असतो. प्राणी बहुतेक वेळा दिसतही नाही. दिसतो तो व्हॉट्सॲपवरच्या अंधुक फोटोत, अर्धा कपाटामागे.

कुठल्या गटात जायचं हे ठरवताना तीन गोष्टी उघडपणे विचारा. पकडलेला प्राणी पुढे कुठे जातो आणि त्याची नोंद वन विभागाकडे होते का? रेस्क्यूचे पैसे मागतात का? आणि गटातली मुलं गळ्यात नाग घालून फोटो काढतात का? तिसऱ्याचं उत्तर “कधीकधी” असं आलं तरी चहा पिऊन निघून या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानातला प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. तो कुणाच्याही हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. घुबडाचं पिल्लू मायेने खोक्यात ठेवून आठवडाभर पाजणारी शाळकरी मुलगी असो की रोज दहा साप पकडणारा सर्पमित्र, नियम दोघांनाही लागू आहे.

सुरुवातीला आठवड्यातून एकच पाळी घ्या. पहिला महिना फोन उचलायचा नाही, शेजारी बसून फक्त ऐकायचं आणि वहीत लिहायचं. याचा कंटाळा येतो. येऊ द्या.

टेबलावर काय असावं

एक जाड रेघांची वही, दोन पेनं, मोबाइलचा चार्जर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले नंबर. वन विभागाची राज्यभराची हेल्पलाइन १९२६ सगळ्यात वर. माणसाच्या जिवावर बेतलं असेल किंवा गर्दी आवरायची असेल तर ११२. रुग्णवाहिकेला १०८. उंच झाडावर, गच्चीच्या कडेला, विहिरीत काही अडकलं तर अग्निशमन, १०१. पक्षी विजेच्या तारेवर असेल तर महावितरणचा १९१२, आधी वीज बंद आणि मग बाकी सगळं. गाय, बैल, शेळी आजारी असेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२. शेवटचा नंबर तोंडपाठच करा, कारण दिवसातून दोनदा तरी तो सांगावा लागतो.

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावा आणि त्यावर वन विभागाच्या हद्दी पेन्सिलने आखून घ्या. सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर ही नाशिक पश्चिम वन विभागात येतात. निफाड, येवला, दिंडोरी पूर्व विभागात. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आणखी वेगळ्या, वन्यजीव विभागाकडे. रात्री साडेअकराला चुकीच्या कार्यालयात फोन केलात तर समोरचा माणूस तुम्हाला योग्य नंबर देईल, पण त्यात दहा मिनिटं जातील. आणि फोन करणारा तेवढा वेळ खाटेवर उभा असेल.

पहिलं मिनिट

फोन करणाऱ्याला गोष्ट सुरुवातीपासून सांगायची असते. “काय झालं ना ताई, आम्ही लग्नाला गेलो होतो…” त्याला तोडावं लागतं, पण तोडल्यासारखं वाटू न देता. मी म्हणते, “सांगा हो दादा सगळं, पण आधी एक सांगा, कुणाला चावलं-ओरबाडलं तर नाही ना?” हा प्रश्न नेहमी पहिला. खेड्यातून “पान लागलं” असं ऐकू आलं तर साप चावला असं समजायचं आणि पुढचे सगळे प्रश्न सोडून थेट दवाखान्यावर यायचं. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मग फोन नंबर, कारण बॅटरी संपते. मग पत्ता. मग प्राणी या क्षणी दिसतोय का आणि तुम्ही नेमके कुठे उभे आहात. मग घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, पाळलेलं कुत्रं आहे का. कोणता प्राणी आहे हे अगदी शेवटी विचारते. ते बहुतेकांना माहीत नसतं, आणि एकदा तोंडातून “नाग” निघाला की तो माणूस दहा मिनिटं नागाचाच विचार करत राहतो.

पत्त्यावर जास्त वेळ घालवा. मी एकदा “नांदूर” एवढं ऐकून आमच्या सर्पमित्राला नांदूर नाक्याला पाठवलं. फोन होता नांदूर शिंगोट्याचा, सिन्नरच्या पार पुढे. नांदूर मध्यमेश्वर वेगळं, इगतपुरीकडचं नांदूरवैद्य वेगळं. गंगापूर म्हणजे गाव की रोड की धरण, की संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका? पाथर्डी म्हणजे पाथर्डी फाटा की अहिल्यानगरचं पाथर्डी? तालुका विचारल्याशिवाय वहीत गावाचं नाव लिहायचं नाही, असा नियम आम्ही त्या रात्रीनंतर केला. मळ्यात राहणाऱ्यांना घर नंबर नसतो, तिथे डांबरी रस्ता कुठे सुटतो, विजेची डीपी कुठे आहे, कुणाचं द्राक्षाचं शेड लागतं असं विचारा. शक्य असेल तर लोकेशन मागवा.

निफाडकडे वाघ आडनाव घरोघर आणि बिबट्यालाही लोक वाघच म्हणतात. “वाघांच्या मळ्यात वाघ आलाय” हा फोन मी स्वतः घेतलाय. हसू येतं. हसायचं नाही.

साप

पावसाळ्यात आमचे बहुतेक फोन हेच. शहरातल्या घरात निघणारे साप म्हणजे धामण, कवड्या, तस्कर, दिवड, आणि नाग. फोनवर मात्र सगळेच नाग असतात. धामणीला नाग म्हणणं ही तशी निरुपद्रवी चूक. उलटी चूक महागात पडते: जाडसर, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असलेला साप बघून लोक “अजगराचं पिल्लू” म्हणतात आणि उचलायला जातात. तो घोणस असतो. कुकरच्या शिटीसारखा फुत्कार ऐकू येतो का ते विचारा, पण उत्तर “नाही” आलं तरी निश्चिंत होऊ नका. फोनवर अजगराचं पिल्लू नसतंच, सगळी घोणसच, असं धरून चालायचं.

इथेच माझी स्वतःची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी सिडकोतून एका मुलाने फोटो पाठवला. पांढऱ्या फरशीवर काळपट साप, अंगावर पांढरे आडवे पट्टे, फोटो हललेला. मी टाइप केलं: “कवड्या आहे, बिनविषारी.” पोरगा खुश झाला, म्हणाला, मी सुपलीत भरून बाहेर टाकतो. शेजारच्या दादांनी माझ्या हातातून फोन जवळजवळ ओढला. “थांब! हात लावू नकोस, मागे हो!” त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. याचे पुढे जवळजवळ नव्हते आणि शेपटीकडे जोडीजोडीने दाट होत गेले होते. मण्यार. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांतला, नाग, घोणस, फुरसे यांच्या पंगतीतला.

त्या दिवसापासून “बिनविषारी” हा शब्द मी फोनवर उच्चारलेला नाही. साप ओळखता आला तरी स्वतःपाशी ठेवा, सर्पमित्राला कळवा. फोनवरच्या माणसाला कोणताही साप विषारीच समजून वागायला सांगा.

काय सांगायचं ते नेमकं आणि थोडक्यात. एकाच माणसाने आठ-दहा फुटांवरून सापावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी खोलीबाहेर. दिवा चालू ठेवायचा. दार लावून खालच्या फटीत चादर कोंबायची. रॉकेल, फिनेल, धूर, गरम पाणी काही नाही. त्याने साप बाहेर येत नाही, सिलिंडरच्या मागे आणखी आत शिरतो आणि मग ओटा तोडायची वेळ येते. टोपली, पातेलं झाकायला जाऊ नये. ज्याच्यावर नजर ठेवायची जबाबदारी दिली त्याच्याशी मी बोलत राहते. काय करतोय? हलला का? डोकं कुठे आहे? याने माहितीही मिळते आणि त्या माणसाचा हात काठीकडे जात नाही.

अंगणात, कंपाउंडच्या कडेला, शेताच्या बांधावर साप दिसला आणि तो चालता झाला असेल तर कुणालाही पाठवायची गरज नसते. “जाऊ द्या, गेला तर गेला” हे पटवायला मात्र साप पकडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. लोक म्हणतात, उद्या परत आला तर? मग उंदीर कुठे आहेत, लाकडं कुठे रचलीत, मोरीच्या पाइपला जाळी आहे का ते विचारा. दुसरा ठरलेला आग्रह: “लांब नेऊन सोडा.” अनोळखी जागी सोडलेल्या सापाला बीळ माहीत नसतं, भक्ष्य माहीत नसतं, त्यामुळे तो शक्य तितका जवळच्या योग्य जागी सोडतात. हे फोनवर सांगताना सूर भांडणाचा होऊ देऊ नका.

हिवाळ्यात फोन कमी होतात पण घोणस उन्हात पडलेली सापडते, उन्हाळ्याच्या शेवटी ती पिल्लं घालते. एका घरातून लागोपाठ पाच पिल्लांचे फोन आले तर ते भूत नाही.

चावलं असेल तर

हे पाठ करा, वाचून सांगायचं नाही. चावलेल्या माणसाला चालू देऊ नका, बसवा किंवा आडवं करा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ सूज यायच्या आत काढा. हात किंवा पाय हलू नये म्हणून पट्टी, काठी लावून सैल बांधा. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. १०८ ला फोन, आणि गाडी दाराशी असेल तर वाट न बघता जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाशिकात असाल तर सिव्हिल. सापाचं औषध या चारही सापांवर चालणारं एकच असतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्यात काही अर्थ नाही, उलट दुसरा माणूस चावून घेतो.

मण्यारचा फोन वेगळ्या रूपात येतो. पहाटे चारला एखादा म्हणतो, “बायको जमिनीवर झोपली होती, पोटात दुखतंय म्हणते, डोळे उघडत नाहीत नीट. गॅस झाला असेल का?” चावल्याची खूण नसते, दुखलेलं नसतं, साप कुणी पाहिलेला नसतो. हा साप चावल्याचाच फोन समजा आणि तडक दवाखान्यात पाठवा. बाहेरचा कुणी विष उतरवणारा आहे, त्याच्याकडे आधी नेतो, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. “त्यांना दवाखान्यातच बोलवून घ्या, इंजेक्शन चालू असताना मंत्र म्हणू द्या,” असं आमच्या एका जुन्या सहकारी काकू सांगायच्या. त्या म्हणायच्या ते लोक ऐकायचे.

बिबट्या

गोदावरी, कादवा, दारणा यांच्या काठचा ऊस हे बिबट्याचं बिऱ्हाड आहे. पिढ्यान् पिढ्या तो तिथेच जन्मतोय, जंगलातून वाट चुकून आलेला नाही. हे आधी स्वतःला पटलं पाहिजे, मग फोनवर पटवता येतं.

बिबट्याचे बहुतेक फोन बिबट्या “दिसला” एवढेच असतात. ठसे दिसले, सीसीटीव्हीत दिसला, पुतण्याच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. व्हिडिओ आला असेल तर पहिला प्रश्न: कुणी, कधी, कुठे काढला? तीन वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच जिल्ह्यातली क्लिप दर हिवाळ्यात आडगावला, देवळालीला नव्याने येते. खात्री नसताना “हो, त्या भागात आहे म्हणे” असं वाक्य आपल्या तोंडून गेलं तर रात्री नऊला अख्खी कॉलनी काठ्या घेऊन खाली उतरते.

बाहेर दिसून निघून गेला असेल तर १९२६ वर नोंद करायला लावा आणि रात्रीपुरतं काय करायचं ते सांगा. तिन्हीसांजेनंतर लहान मूल एकटं अंगणात नको. वाकून, उकिडवं बसून बाहेर काम करू नये. बसलेला माणूस त्याला माणसासारखा उंच दिसत नाही, लहानशा भक्ष्यासारखा दिसतो. बाहेर जाताना बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी, कुठलीही चालतात. शेळ्या, वासरं बंद गोठ्यात, वरून जाळी असलेल्या. कुत्रं ओट्यावर साखळीने बांधून ठेवू नका, ते ताटात वाढल्यासारखं होतं. गाय-शेळी मारली असेल तर ती हलवू नका, ४८ तासांत वन विभागाला कळवा, पंचनामा त्या जागेवर व्हावा लागतो, भरपाई त्यावर ठरते.

घरात, शेडमध्ये, जिन्यात शिरला असेल तर सुरात बदल. माणसं बाहेर असतील तर बाहेरूनच दार ओढून घेता येतं का? येत नसेल तर सोडून द्या. माणसं आत असतील तर दुसऱ्या खोलीत कडी लावून गप्प बसा. लगेच १९२६ आणि ११२ दोन्ही. त्यानंतरचं तुमचं खरं काम गर्दीचं. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडच्या सावरकरनगरात भरदिवसा बिबट्या शिरला, बघ्यांनी आणि कॅमेऱ्यांनी तो भाग भरून गेला आणि त्याने जखमी केलेली माणसं त्या गर्दीतलीच होती. दिवसा कोंडला गेलेला बिबट्या अंधार पडेपर्यंत कोपऱ्यात बसून राहायला तयार असतो. त्याला कोपऱ्यातून उठवतो तो गलका. म्हणून फोन करणाऱ्याला मी सांगते, तुमच्या ग्रुपवर काही टाकू नका. टाकलं असेल तर पुसा. शेजारच्या गच्च्या रिकाम्या करायला सोसायटीच्या चेअरमनला सांगा, त्याला तेवढाच अधिकार वापरायला मिळतो.

“पिंजरा लावा” ही मागणी प्रत्येक वेळी येते. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, त्याला पकडायचं की नाही हे वन विभागाचे वरिष्ठ ठरवतात, आपण शब्द देऊ शकत नाही. तिथला पकडून दुसरीकडे सोडला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. जुन्नरच्या उसात २००१ नंतर असे बिबटे पकडून लांब सोडले गेले आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलेलं आहे. फोनवर अभ्यासाचं नाव घेऊ नका, समोरच्याची शेळी नुकतीच गेलेली असते. पण मनात ठेवा.

मग ऊसतोडीचे दिवस येतात. टोळी पहाटे फडात उतरते आणि सकाळी आठच्या सुमारास फोन: “ताई, वाघाची तीन पिल्लं घावली. गोणपाटात घालून ठेवलीत.” आधी विचारते, अंगावर पट्टे आहेत की ठिपक्यांचे पुंजके? पुंजके असतील तर बिबट्याची, शेपटीला काळी वळी आणि फिकट पट्टे असतील तर बहुधा रानमांजराची असतात, मुठीएवढी आणि ठिपकेदार असतील तर वाघाटीची, म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात लहान जंगली मांजराची. पण इथेही फोनवर निकाल द्यायचा नाही, कारण करायचं ते सारखंच आहे. तोड त्या बाजूने थांबवा, पिल्लं होती तिथे परत सावलीत ठेवा, दूध पाजू नका, मांडीवर घेऊन सेल्फी नको, आणि आई जवळच दडलेली आहे असं समजून मागे व्हा. वन विभागाची माणसं येतात, तपासतात आणि संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात. रात्री आई येते, एकेक उचलून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. शेतमालकाचा एक दिवस बुडतो, टोळीचा मुकादम चिडतो. त्या मुकादमाशी नीट बोलता येणं हे या कामातलं मोठं कसब आहे. मला ते अजून पूर्ण जमलेलं नाही. त्याला “मुकादम” न म्हणता “मामा” म्हटलं तर निम्मं काम होतं एवढं कळलंय.

विहिरीत पडलेल्या बिबट्याचा किंवा येवल्याकडच्या काळविटाचा फोन आला तर: मोटर बंद, काठावरची माणसं मागे, १९२६. प्राणी पोहून दमत असेल तर दोराने बाज किंवा लाकडी ओंडका पाण्यावर सोडायला सांगा, त्याला धरून राहता येतं. बिबट्या असेल तर शिडी सोडू नका. तो चढून येतो, आणि वर दोनशे माणसं असतात.

पिल्लू पडलंय

मार्च ते जुलै हा फोन रोजचा. “चिमणीचं पिल्लू खाली पडलंय, पाणी पाजू का?” नाही. चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं. दूध-पाव तर मुळीच नाही. पंखांवर पिसं आली आहेत का विचारा. आली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजर लांब ठेवा, कुंडीच्या आडोशाला ठेवा आणि तासभर आत जाऊन बसा. आई-बाप तुमच्या जाण्याचीच वाट बघत असतात. पिसं नसतील तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे आजीने सांगितलेलं असलं तरी खरं नाही.

वटवाघूळ घरात शिरलं तर उघड्या हाताने धरायचं नाही, खिडकी उघडून दिवा बंद. कुणाला त्याने चावलं असेल तर दवाखाना, रेबीजच्या लशीसाठी.

संक्रांतीचा आठवडा वेगळा. येवल्यात तीन दिवस पतंग चालतात, नाशिकही मागे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, झाडांवर तो अजून लटकतो. पंखात मांजा अडकलेली घार, बगळा, घुबड यांचा फोन आला तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: ओढू नका. ओढलं की मांजा हाडापर्यंत जातो. पक्ष्यापासून हातभर अंतर ठेवून दोरा कापा, अंगावर गुंडाळलेला तसाच राहू द्या, पक्ष्यावर जाड कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खोकं अंधारात, आणि उघडून उघडून बघायचं नाही. द्राक्षबागेच्या जाळीत अडकलेल्या सापाबद्दलही हेच. जाळी आजूबाजूने कापतात, साप ओढून काढत नाहीत, पण ते सर्पमित्राला करू द्या.

नाही म्हणायला शिका

भटकी कुत्री, आग्या मोहोळ, उंदीर, शेजाऱ्याची मांजर, आणि “आमचा पोपट उडून गेला, शोधून द्या.” शेवटच्या फोनवर मी नवीन मुलांना मुद्दाम बोलायला लावते. देशी पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे हे त्या माणसाला माहीत नसतं, आणि तुम्ही ते सांगितलं की तो म्हणतो, “पण तो आमच्या घरचाच आहे हो, मिठू म्हणून हाक मारली की येतो.” उरलेल्यांना योग्य नंबर द्या, पण “आमचं काम नाही” असं म्हणून ठेवून देऊ नका. आज मोहोळासाठी फोन करणारा माणूस उद्या अंगणात साप निघाल्यावर काठीऐवजी फोन उचलायला हवा असेल तर आज त्याच्याशी दोन वाक्यं नीट बोलावं लागतं.

काही फोन उलट्या बाजूचे असतात. “तुमच्याकडे दुतोंड्या आलाय का? किती वजनाचा?” दुतोंड्या म्हणजे मांडूळ साप, तो विकत घेऊन पैशाचा पाऊस पाडू बघणारे लोक आहेत. दिवाळीच्या अमावस्येआधी घुबडांबद्दल फार बारीक चौकशी करणारेही. कुठलीही माहिती द्यायची नाही, नंबर टिपून घ्यायचा, वरिष्ठांना आणि वन विभागाला सांगायचं. नागपंचमीला गारुडी दिसला तरी हेच. आपण रस्त्यावर उतरून त्याची टोपली हिसकायची नाही.

दारू पिऊन केलेले, शिव्या घालणारे, मुलीचा आवाज ऐकून पुन्हा पुन्हा येणारे फोनही असतात. तीन वेळा शांतपणे, चौथ्याला ब्लॉक. त्यासाठी कुणाची परवानगी विचारू नका.

वही

प्रत्येक फोनची वेळ, गाव आणि तालुका, प्राणी जसा सांगितला तसा, कुणाला पाठवलं, काय झालं. “काय झालं” हा रकाना रिकामा राहतो, कारण पाळी संपते. म्हणून दुसऱ्या दिवशी एक फोन उलटा करायचा: सापडला का? आई आली का पिल्लांची? कधी उत्तर वाईट असतं. कोपऱ्यातल्या सापाला आम्ही पोचायच्या आत मारलेलं असतं, बॉक्समधली घार रात्रीत गेलेली असते. तेही लिहायचं. लागोपाठ तीन रात्री वाईट गेल्या तर चौथी पाळी दुसऱ्याला द्या, ती कुणीतरी घेतोच.

पाळी बदलताना उघडे राहिलेले फोन लाल पेनाने गोल करून पुढच्याला तोंडी सांगा. फक्त वहीवर विसंबू नका, माझं अक्षर सगळ्यांना लागत नाही. आणि निळं पेन वहीला सुतळीने बांधलेलं आहे. ते सोडवून खिशाला लावू नका. आधीची सात गेलीत.